चूक सांगणारी टीम

फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड या डोंगरातल्या रिसॉर्टवर सतरा जण जमले. सगळे सॉफ्टवेअरमधले, आणि जाडजूड कागदपत्रांखाली दबलेल्या कामाला कंटाळलेले. त्यांनी मिळून ‘अ‍ॅजाइल’ कार्यपद्धतीचा जाहीरनामा लिहिला. त्यातले पहिलेच मूल्य माणसांविषयी आहे: प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसे आणि त्यांचा आपसातला संवाद यांना जास्त महत्त्व.

पुढे अनेक कंपन्यांनी बोर्ड, तक्ते आणि बैठका उचलल्या. संवाद मात्र मागे राहिला. पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या कितीतरी टीम रोज ‘स्टँडअप’ घेतात. काल काय केले, आज काय करणार, अडचण काय, हे पंधरा मिनिटांत सांगायचे. अडचणीच्या प्रश्नाला बहुतेकदा ‘काही नाही’ हेच उत्तर येते. अडचण असते, मॅनेजरसमोर ती काढायची कशी, हा प्रश्न असतो.

या गप्प बसण्याची किंमत हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना रुग्णालयांत दिसली. औषधे देताना होणाऱ्या चुकांवरचा त्यांचा अभ्यास १९९६मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन रुग्णालयांतले आठ विभाग होते. चांगल्या टीमकडून कमी चुका होत असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे नेमके उलटे आले. चांगल्या टीमच्या नावावर जास्त चुका! खोलात गेल्यावर उलगडा झाला, की तिथल्या परिचारिका चुका लपवत नव्हत्या. इतर विभागांत बोलणी खावी लागण्याच्या भीतीने चुका कागदावरच येत नव्हत्या. १९९९मध्ये एडमंडसन यांनी टीममधल्या या निर्भयतेला ‘मानसिक सुरक्षितता’ म्हटले. गुगलने २०१२मध्ये स्वतःच्या सुमारे १८० टीमचा अभ्यास सुरू केला, तेव्हा चांगल्या टीममागच्या कारणांत हीच गोष्ट सर्वांत वर निघाली. कोण किती हुशार, यापेक्षा ते एकमेकांशी कसे वागतात याला जास्त वजन होते.

ही निर्भयता भाषणाने येत नाही, रोजच्या सवयींतून येते. त्यातली सर्वांत मोलाची सवय म्हणजे ‘रेट्रोस्पेक्टिव्ह’, म्हणजे कामाच्या दर टप्प्याच्या (‘स्प्रिंट’च्या) शेवटी एकत्र बसून काय जमले, काय अडले ते पाहणे. नॉर्म कर्थ यांनी २००१च्या आपल्या पुस्तकात या बैठकीला एक पाया दिला: त्या वेळी हाती असलेल्या माहितीनिशी प्रत्येकाने आपल्या परीने चांगलेच काम केले, असे धरून बोलायला सुरुवात करायची. एवढ्याने ‘कोणी केले’ मागे पडते आणि ‘कसे घडले’ पुढे येते. मुद्दे आधी निनावी चिठ्ठ्यांवर लिहून घेतले, की नवखी मुलगीही लिहिते. आणि शेवटी एक-दोनच बदल ठरवावेत. वीस ठरले तर एकही होत नाही, आणि पुढच्या वेळी कोणी मनापासून बोलत नाही.

सर्व्हर कोसळल्यावरही हेच लागू पडते. हस्तकलेच्या वस्तू ऑनलाइन विकणाऱ्या ‘एट्सी’मध्ये जॉन ऑलस्पॉ यांनी दोष न लावता चौकशी करण्याची पद्धत रुजवली आणि २०१२मध्ये त्याविषयी सविस्तर लिहिले. ज्याच्या हातून चूक झाली, त्याने काय पाहिले, काय गृहीत धरले, हे शिक्षेच्या भीतीविना सांगायचे. चूक नेमकी कशी घडली हे त्यालाच सर्वांत जास्त ठाऊक असते, आणि तोच गप्प राहिला तर तीच चूक दुसऱ्याच्या हातून होते.

पुणे आणि अमेरिका अशा दोन टोकांवर विभागलेल्या टीमला आणखी एक साधी गोष्ट करता येते: उशिराच्या कॉलची पाळी आलटून-पालटून घेणे. एका महिन्यात रात्रीचा कॉल पुण्याने घ्यायचा, पुढच्या महिन्यात अमेरिकेने. हा विषय रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये पहिल्यांदा काढणाऱ्याला मॅनेजर काय उत्तर देतो, हे बाकीचे सगळे कान देऊन ऐकत असतात.