वंशावळीत नसलेली नावे

अनेक घरांतून वंशावळ जपून ठेवण्याची प्रथा आहे. पणजोबा, आजोबा, चुलते, त्यांचे मुलगे अशा पुरुषांच्या नावांनी ती भरलेली असते. घरच्या लेकी कोठे दिल्या व त्या कशाने गेल्या, याची नोंद तीत सहसा सापडत नाही. ही उणीव जुनीच आहे; परंतु वैद्यकशास्त्राच्या आजच्या प्रगतीमुळे ती जिवावर बेतणारी ठरू लागली आहे.

कर्करोगाच्या एकूण रुग्णांपैकी सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांत रोगाचे मूळ आनुवंशिक दोषात असते. १९९० साली अमेरिकन संशोधिका मेरी-क्लेअर किंग यांनी स्तनाच्या कर्करोगाशी निगडित असे एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखविले. १९९४ मध्ये 'बीआरसीए-१' हे जनुक प्रत्यक्ष हाती आले व पाठोपाठ 'बीआरसीए-२'. यांपैकी एकात घातक दोष असलेल्या स्त्रीला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याचा संभव शंभरांत साठ-सत्तरांपर्यंत जातो. बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोकाही कित्येक पटींनी वाढतो. हा दोष अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. मग ते अपत्य मुलगा असो वा मुलगी, आणि दोष आईकडचा असो वा वडिलांकडचा. मावशीइतकाच आत्याचाही आजार भाचीच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो, तो यामुळेच.

या दोषाच्या चाचणीचे अर्थकारण उद्बोधक आहे. 'मिरियड' या अमेरिकन कंपनीने या जनुकांवर पेटंट मिळविले होते आणि तिच्या चाचणीची किंमत तीन हजार डॉलरांच्या वर गेली होती. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, निसर्गात आढळणारे जनुक केवळ वेगळे काढले म्हणून त्यावर पेटंट देता येत नाही, असा एकमुखी निर्णय दिला. मक्तेदारी संपली, स्पर्धा आली, किंमत उतरली. तथापि बाजारपेठ चाचणी विकते. तिचा अर्थ रुग्णाला समजावून देण्याचे काम बाजारपेठेचे नव्हे. तुटवडा आहे तो नेमका येथेच.

सर्वसाधारण वॉर्डातील रुग्ण स्त्रीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. केसपेपर भरताना बहुधा नवरा किंवा दीर उत्तरे देतो. तिच्या माहेरी कोणाला काय झाले होते, हे त्यास ठाऊक नसते. आजी 'पोटाच्या विकाराने' गेली, एवढेच तिलाही सांगण्यात आलेले असते. तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी आशा स्वयंसेविका जे प्रपत्र भरतात, त्यात आईवडील व भावंडांचा रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार यांची विचारणा आहे. स्तनातील गाठीविषयीही प्रश्न आहे. कुटुंबातील कर्करोगाविषयी मात्र नाही.

आणि माहिती असली तरी ती सांगितली जाईलच असे नाही. मुलीचे लग्न व्हायचे आहे, ही एकच चिंता तोंडाला कुलूप घालण्यास पुरेशी असते. या भीतीस अडाणीपणा म्हणून हिणविणे सोपे आहे. परंतु ती निराधार नाही. म्हणूनच आधी गुप्ततेची खात्री द्यावयास हवी व मग विज्ञान सांगावयास हवे. तेही 'उत्परिवर्तना'च्या भाषेत नव्हे. कागदावर तीन पिढ्यांचे झाड काढावे, माहेरची व सासरची माणसे त्यात दाखवावीत, आणि निम्मी शक्यता म्हणजे नाणेफेक, हे सांगावे. दोष असणे म्हणजे रोग असणे नव्हे, हे ठसवावे. लवकर सुरू केलेली नियमित तपासणी आणि मुले झाल्यानंतर योग्य वयात बीजांडकोश काढून टाकणे, यांनी पुष्कळ अनर्थ टळतो.

जेथे साधे उपचार वेळेवर मिळत नाहीत, तेथे ही चैन कशाला, असा आक्षेप येईल. तो गंभीर आहे. परंतु प्रत्येकाची चाचणी करा, असे कोणीच म्हणत नाही. ऐन तारुण्यात झालेला स्तनाचा कर्करोग, बीजांडकोशाचा कर्करोग, पुरुषास झालेला स्तनाचा कर्करोग, एकाच घरातील अनेक रुग्ण, या खुणा असतील तेथेच ती करावयाची. एकदा एका रुग्णात नेमका दोष सापडला की तिच्या बहिणींत व मुलांत तेवढाच शोधावा लागतो आणि खर्च बराच कमी होतो. ज्या बहिणीत तो नसेल, तिची भीतीही जाते. एकीवरील खर्चाचा लाभ असा सगळ्या घराला मिळतो. सरकारी विमा योजनांचा भर मात्र रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या उपचारांवर असतो. निरोगी बहीण त्यांच्या हिशेबात येत नाही.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात आनुवंशिक कर्करोगासाठी स्वतंत्र चिकित्सालय आहे. पण परळपर्यंत पोहोचणे प्रत्येकीला शक्य नाही. जिल्हा रुग्णालयातील समाजसेवकांना व परिचारिकांना या कामाचे शिक्षण देणे, आशांच्या प्रपत्रात एका ओळीची भर घालणे आणि दोष सापडलेल्या रुग्णाच्या नातलगांची चाचणी व पुढील तपासणी सरकारी खर्चाने करणे, एवढी सुरुवात तरी अशक्य नाही. मात्र पुढील तपासणीची सोय न करता नुसती चाचणी करणे म्हणजे हाती भीती देऊन घरी पाठविण्यासारखे होईल.

वंशावळीत लेकींची नावे लिहिण्याचा प्रश्न आजवर मानाचा होता. आता तो त्यांच्या आयुष्याचा झाला आहे.