टाकसाळीची चूक की निव्वळ झीज?

खानापुरातील एका घरी देव्हाऱ्यातील शिवराई आम्हांस दाखविण्यात आली. ‘श्री राजा शिव’ यांतील अर्धी अक्षरे काठाबाहेर गेलेली. म्हणजे ही टाकसाळीची दुर्मीळ चूक, असे कोणी सांगितलेले. तिच्या विक्रीतून मुलीची फी भरण्याचा बेत होता. आम्हांस नाही म्हणावे लागले. शिवराई हाताने ठोकीत, ठसा बहुधा चकतीहून मोठा असे. अक्षरे तुटणे नित्याचेच. यंत्राच्या नाण्याची गोष्ट निराळी. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिल्यास पुढच्यावर त्याचीच उलटी, खोलगट आकृती उमटते. दोन नाणी एकमेकांवर ठोकूनही तशी आकृती साधते. परंतु खालची मूळ नक्षी चेपलेली आढळते. ओरखड्याच्या कडेलाही धातू वर सरकलेला असतो.

आजींनी शिवराई घासण्यास चिंच भिजत घातली होती. ती तेवढी आम्ही बाजूस ठेवविली.