प्रिया, पाऊस आणि प्रायमर

महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ साली स्थापन झाली आणि तिच्या साताऱ्यातल्या कारखान्यातून ‘प्रिया’ स्कूटर बाहेर पडू लागल्या. अंग सगळं पत्र्याचं. पाय ठेवायच्या जागेवरच्या रबरी पट्ट्या उचकटल्या, की खाली बहुतेक वेळा तांबूस भुगा सापडतो. चिखलपाणी तिथंच मुरतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून वरचा रंग फुगतो आणि पोपडे धरतो.

एवढ्याशा डागासाठी कॉम्प्रेसर कोण आणणार? हौशी माणूस प्रायमरचा स्प्रे कॅन घेतो.

कॅन हलवला की आतली गोळी टकटक वाजते. तळाशी बसलेली जड पूड ती ढवळून काढते. ही टकटक मिनिट-दोन मिनिटं ऐकायचा कंटाळा केला, तर पत्र्यावर नुसतं पाणचट थिनर येतं. रंग ढकलायचं काम बहुधा प्रोपेन-ब्युटेन करतात, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचेच भाऊबंद. त्यांचा द्रव शिल्लक असेतो आतला दाब फारसा घटत नाही. द्रवाचा वायू होताना उष्णता शोषली जाते, म्हणून मारता मारता कॅन हाताला गार लागतो.

साताऱ्यात अडचण होते ती याच गारव्याची. थिनर उडताना पत्राही थंड होतो, जुलैतल्या दमट हवेतली वाफ ओल्या थरावर धरते आणि थर पांढुरका पडतो.

खरी फसगत पुढेच होते. करडा थर बसला, की ‘आता पत्रा वाचला’ असं वाटतं आणि गाडी महिनाभर तशीच पावसात उभी राहते. साध्या प्रायमरमध्ये रंगाला धरायला बरं म्हणून पुडीचं प्रमाण जास्त असतं. त्यामुळे थरात बारीक छिद्रं राहतात आणि तो पाणी पितो. प्रायमरात झिंक फॉस्फेट असेल तर ते गंजाला अडवतं, पण फार काळ नाही. सबब प्रायमर वाळला, घासला, की वर रंग हवाच. लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर आणखी लवकर, कारण लांबीही पाणी ओढते.

सांगली जिल्ह्यात, जत-आटपाडीकडे, नेमकं उलटं. एप्रिलच्या दुपारी फवाऱ्याचे थेंब पत्र्यावर पोचायच्या आतच सुकतात आणि हाताला पॉलिश पेपरसारखी खरखर लागते. तिथं सकाळी लवकर, वीसेक सेंटिमीटरवरून, पातळ हात मारावेत. उरलेला कॅन मात्र काचा बंद केलेल्या गाडीत ठेवू नये. ५० अंशांवर तापवू नका, असं त्याच्या पाठीवरच छापलेलं असतं.