माझी लूना

परवा मुलानं नवीकोरी स्पोर्टी स्कूटर दारात उभी केली. बटण दाबलं की सुरू, मूठ पिळली की सुसाट! "आई, आता तुझी लूना भंगारात," तो हसत म्हणाला. माझ्या मात्र पोटात कालवलं.

फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीनं १९७२ मध्ये आणलेली ही ५० सीसीची मोपेड. मी ती जऊळक्यात चालवू लागले तेव्हा सासूबाई रागावल्या होत्या, "लोकं काय म्हणतील?" पण एका रात्री त्यांनाच दम लागला. हे नेमके परगावी. त्यांना मागं बसवलं, पदरानं कमरेशी बांधलं अन् मालेगावचा दवाखाना गाठला. बऱ्या झाल्यावर त्याच शेजारणींना सांगायच्या, "माही सून गाडीवर नेते मले!"

पेट्रोल संपलं तर पेडल मारत घरी यायचे. वाटेत कुणी बाई दिसली की बसवून घ्यायचे. नव्या गाडीवर ओळखीचा चेहरा दिसेपर्यंत मागं पडतो.

२०२४ मध्ये विजेवरची ई-लूना आली. माझी जुनी गोठ्यात उभी आहे, ती मी विकणार नाही. मैत्रिणींनो, नवी गाडी लवकर पोचवते खरी. पण उंबरा ओलांडायला शिकवलं ते लूनानंच!