तटरक्षक दल : सागराचे सजग प्रहरी

किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या साधनसंपत्तीवरील भारताचा हक्क १९७६ च्या कायद्याने प्रस्थापित झाला. तिच्या रक्षणार्थ १ फेब्रुवारी १९७७ रोजी तटरक्षक दल अंतरिम स्वरूपात उभे राहिले. १९७८ च्या अधिनियमाने त्याची कर्तव्ये निश्चित केली. तस्करीविरुद्ध सीमाशुल्क खात्यास साहाय्य, सागरातील तेलउत्पादन केंद्रांचे संरक्षण, प्रदूषणास प्रतिबंध आणि संकटग्रस्त मच्छीमारांना मदत ही त्यांपैकी प्रमुख होत.

वादळात सापडलेल्या नौकेचे नेमके स्थान कळले, तर मदत वेळीच पोहोचू शकते. म्हणूनच प्रत्येक तांडेलाने संकटसंदेश यंत्र सुस्थितीत ठेवावे. नौका वेळेवर न परतल्यास कुटुंबीयांनी १५५४ या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. दलाच्या दक्षतेला मच्छीमारांच्या सावधगिरीची जोड मिळाली, तर अनेक प्राण वाचतील.