गाडी उभी, इंजिन चालू

आज निरूपणाला लागण्याआधी एक हिशेब मांडतो. डिझेलचा हिशेब आहे. हसू नका. तुमच्यातले निम्मे इथं जीप नाहीतर मोटारसायकल घेऊन आलेत, आणि उरलेल्यांच्या दिंडीमागं पाण्याचा टँकर आणि सामानाचा ट्रक चालतोच. पायी चालणाऱ्यालाही डिझेल काही सुटलेलं नाही.

आमच्याकडं एक जुनी जीप आहे. कीर्तनाला निघायचं म्हणजे मी, पखवाजी, टाळकरी, पेटी, आणि वर कॅरिअरवर वळकट्या. कधी मी चालवतो, कधी पखवाजी. पोरगं पंचविशीच्या आतलं, पण हिशेबाला पक्कं. एकदा म्हणालं, "महाराज, राग मानू नका. तुम्ही चालवली की गाडी बाराचं ॲव्हरेज देते, मी चालवली की सोळाचं." मी म्हटलं, कसं शक्य आहे? गाडी तीच, रस्ता तोच, ओझंही तेच. त्यानं वहीच काढली. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरचा आकडा लिहायचा. पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर बसलं ते बघायचं आणि चाललेल्या किलोमीटरला त्यानं भागायचं. यात लबाडीला जागा नाही. महिन्याला आमचं फिरणं धरा २४०० किलोमीटर. बारानं भागलं तर २०० लिटर, सोळानं भागलं तर १५०. पन्नास लिटरचा फरक! नव्वद रुपयांनी धरलं तरी साडेचार हजार. एका माणसाच्या पायाखाली महिन्याला साडेचार हजार रुपये जळत होते, आणि तो माणूस संध्याकाळी उभा राहून लोकांना संयम सांगत होता.

आता हे डिझेल जात होतं कुठं, ते सांगतो. पण आधी एका रात्रीची गोष्ट ऐका, म्हणजे पुढचं कळेल.

राहुरीच्या पुढं एका गावात कीर्तन होतं. उसाचे दिवस. रात्री साडेअकराला निघालो नगरच्या दिशेनं, चाक माझ्या हातात. सकाळीच धाकट्या भावाशी माझं वाजलं होतं. कारण काय, तर बांध. तो म्हणे तू बांध माझ्याकडं सरकवला, मी म्हणे तूच कोरून खाल्लास. झालं ते सकाळी, पण माझ्या डोक्यात रात्रीपर्यंत चालूच. तो असं म्हणाला, मी तसं म्हणायला पाहिजे होतं. मग मी तसं म्हणायचो, मनातच बरं का. मग तो मनातच उलटून बोलायचा, की मी आणखी चढायचो. आणि डोकं जसं चढेल तसा पाय दाबला जायचा. काट्याकडं लक्ष नाही. एकदम पखवाजी ओरडला, "महाराज!" समोर उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. मागं दिवा नाही, लाल पट्टी नाही, काळोखात काळं ओझं. ब्रेक लागला. गाडी थांबली तेव्हा उसाचं वाढं काचेला टेकलं होतं.

कुणी बोललं नाही. ट्रॅक्टर पुढं निघून गेला. आम्ही तसेच बसून, आणि इंजिन धडधडतंय. पखवाज्यानं हात घालून चावी फिरवली, म्हणाला, "उठा महाराज, इकडं बसा." मी उठलो. तो पंचावन्नच्या वेगानं घरापर्यंत घेऊन आला. आणि गंमत बघा, मरता मरता वाचलेला हा माणूस, विळद मागं पडायच्या आत पुन्हा भावाशी भांडायला लागला होता. मनातल्या मनात.

तर डिझेल जातं कुठं? पहिलं खातं वारा. तुम्हाला हलका वाटतो, पण गाडीला तो पाण्यासारखा कापत जावं लागतं. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. त्यात वर कॅरिअरवर वळकट्यांचा डोंगर असला की आणखी. केंद्र सरकारची पीसीआरए नावाची संस्था १९७८ पासून इंधन वाचवण्याचंच काम करते. तिचं सांगणं असं, की ताशी ८० ऐवजी ४५ ते ५५ च्या वेगानं गेलात तर ॲव्हरेज चाळीस टक्क्यांपर्यंत वाढू शकतं. आणि वेळ किती वाचतो? नगरहून शिर्डी सुमारे ८५ किलोमीटर. सलग ८० नं गेलात तर चौसष्ट मिनिटं, ६० नं गेलात तर पंच्याऐंशी. फरक एकवीस मिनिटांचा, तोही कागदावर. राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता अशी गावं मधे आहेत. सलग ८० नं जायला तो रस्ता काय तुमच्या एकट्यासाठी मोकळा ठेवलाय? पुढं पळायचं, आडवं कुणी आलं की ब्रेक मारायचा, पुन्हा पळायचं. हे दुसरं खातं. डिझेल जाळून गाडीला वेग आणला आणि ब्रेक दाबून तो उष्णता करून हवेत सोडला. लांबवर गतिरोधक दिसला की तिथूनच पाय उचलला, तर ते डिझेल वाचतं. त्याला फक्त लांबवर नजर लागते, आणि भांडणाऱ्याची नजर लांब जात नाही.

तिसरं खातं चाकाचं. हवा कमी असली की टायर बसतो आणि गाडी चिखलातून चालल्यासारखी जड होते. हवा टायर थंड असताना बघावी, वीस-तीस किलोमीटर पळून आल्यावर नव्हे. तापल्या टायरात आकडा वाढलेला दिसतो. किती पाहिजे तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. माणसं भरून जायचं असेल तर वेगळा, जास्तीचा आकडा असतो, तोही तिथंच.

आणि चौथं, उभ्या गाडीचं. चालू इंजिनानं उभ्या गाडीचं ॲव्हरेज किती? शून्य. चहा होईस्तोवर, कुणाचा नारळ फोडून होईस्तोवर, इंजिन आपलं धडधडतंय. काही जण म्हणतात, पुन्हा चालू करायला जास्त डिझेल लागतं. तापलेल्या इंजिनाला तसं काही लागत नाही. मिनिटभरापेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करा. टर्बोची गाडी घाट चढून तापून आली असेल तर थांबल्यावर अर्धा-एक मिनिट चालू ठेवून मग बंद करावी, एवढंच.

हे काही मी शोधलेलं नाही. आपला जिल्हाच गाड्यांचा जाणकार आहे. नगरजवळ वाहननगरला संरक्षण खात्याची व्हीआरडीई आहे, तिथं गाड्या चाचणीच्या पट्ट्यांवर फिरवून तपासतात. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला धावली ती आपल्याच नगर-पुणे रस्त्यावर. एसटीत ड्रायव्हरचं काम अजूनही दहा लिटरमागं किती किलोमीटर यावर मोजतात, त्याला केपीटीएल म्हणतात. एकाच डेपोत, एकाच मार्गावर दोन ड्रायव्हरांचा आकडा वेगळा येतो. गाडी तीच असते, पाय वेगळे असतात.

आता मनाकडं या. उभी गाडी आणि चालू इंजिन म्हणजे माझं ते भांडण. गाव येत नाही, किलोमीटर पडत नाही, टाकी मात्र रिकामी होते. तुमचंही असतं ना काहीतरी? सुनेचा शब्द, मुलाची नोकरी, सोसायटीचं कर्ज. तेच ते, तेच ते. आणि आपल्याला वाटतं, आपण विचार करतोय. विचार केला तर काहीतरी ठरतं. हे नुसतं घोळणं. शंभराव्या फेरीलाही तो बांध जागचा हलत नाही.

मग म्हणाल, थांबवा की मन! तिथंच फसगत आहे. वैद्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पुडी दिली आणि सांगितलं, घेताना माकड तेवढं आठवायचं नाही. त्या बिचाऱ्याला जन्मात कधी आठवलं नव्हतं ते माकड पुडी हातात घेतली की हजर. विचार करू नको म्हटलं की तोच विचार येतो.

आणि दुसरी फसगत न्यूट्रलची. करंजी घाटात उताराला लागलं की आपली माणसं काय करतात? गाडी न्यूट्रल करतात, काही महाभाग तर इंजिनच बंद करतात. म्हणे डिझेल वाचतं. अरे बाबा, आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण उचलला, तर चाकंच इंजिनाला फिरवतात आणि डिझेल जवळजवळ बंद होतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत राहायला डिझेल पितच राहतं. वर इंजिनाची धरून ठेवण्याची ताकद गेली, सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतात आणि वळणावर लागत नाहीत. इंजिन बंद केलं तर ब्रेकची आणि स्टेअरिंगची मदतही जाते. उताराला खालचा गिअर टाका आणि पाय उचला.

मनाचंही तसंच आहे. त्याला मोकळं सोडलं की ते शांत होत नाही, उताराला लागतं. पाय उचलायचा, पण गिअर काढायचा नाही. तो गिअर म्हणजे नाम.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनानं हीच तक्रार केली आहे, की मन आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं अवघड. देवानं त्याला खोटं पाडलं नाही. अवघड आहे म्हणून कबूल केलं आणि दोन साधनं दिली, अभ्यास आणि वैराग्य. त्यावर माउलींनी निरूपण केलं ते आपल्या नेवाशात, शके १२१२ मध्ये, प्रवरेच्या काठी. तो पैस खांब अजून उभा आहे, जाऊन टेकून या. मी गाडीवाल्याच्या भाषेत सांगतो. वैराग्य म्हणजे घर सोडणं नव्हे, दाबलेला पाय उचलणं. अभ्यास म्हणजे चाक भरकटलं की पुन्हा रस्त्यावर आणणं, शंभर वेळा भरकटलं तर शंभर वेळा आणणं. सरळ रस्त्यावरसुद्धा चाक सारखं थोडं थोडं सावरावं लागतंच, त्याला कुणी चूक म्हणत नाही.

करायचं कसं? श्वास सोडताना नाम घ्या आणि सोडणं घेण्यापेक्षा लांबवा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, हे डॉक्टरही सांगतील. विचार आला की त्याच्याशी बोलायचं नाही. फक्त ओळख द्यायची, "बांध आला." आणि पुन्हा नाम. तो उंबऱ्यावर थोडा वेळ उभा राहील, राहू द्या. चालवताना डोळे मिटून किंवा माळ हातात घेऊन करू नका रे बाबांनो, हात चाकावर आणि डोळे रस्त्यावरच हवेत. राग फारच चढला असेल तर कडेला घ्या, इंजिन बंद करा, उतरून शंभर पावलं चाला. वारीत दिवसाकाठी पंधरा-वीस किलोमीटर चालणाऱ्याला ही गोष्ट शिकवावी लागत नाही, त्याच्या टाळेलाच मन चालतं.

आणि आठवड्यांमागून आठवडे झोप येत नसेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर नाम घ्याच, पण डॉक्टरकडेही जा. ताप आला तर जाता ना? मग यात कमीपणा कसला.

मी आणखी एक केलं. घरी येऊन जे डोक्यात फिरत होतं ते कागदावर लिहायला बसलो. दोन पानं होतील वाटलं होतं. शिव्या वगळल्या तर एक ओळ निघाली: मोजणी आणायची. दहा महिने डोक्यात धडधडत होतं त्यात काम एवढंच होतं. अर्ज दिला, पैसे भरले, मोजणीदार आले, खुणा रोवल्या. दीड हात जमीन निघाली. त्याची, माझ्याकडं.

कागद घेऊन त्याच्या ओट्यावर गेलो तेव्हा कीर्तनात कधी कापला नाही एवढा आवाज कापला. त्यानं कागद बघितला, वहिनीला चहा टाकायला सांगितला, आणि बराच वेळ दोघंही पावसाचं बोलत बसलो. यंदा दिंडीला धाकटा बरोबर आहे. गाडीचं चाक मात्र अजून पखवाज्याकडंच आहे. तो म्हणतो, "महाराज, तुमचं चौदापर्यंत आलंय, आणखी दोन येऊ द्या, मग देतो."