गाडीवर ‘हायब्रीड’ लिहिलंय, म्हणून जास्त पैसे मोजायचे का?



गेल्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत एका गटाने विषय मांडला. मसाले, पापड, शेवया घेऊन आठवडी बाजाराला जायचं तर दर वेळी भाड्याची गाडी परवडत नाही. तालुक्याच्या एजंटाने त्यांना एक जुनी, सात सीटची गाडी दाखवली. “ताई, ही हायब्रीड आहे, अर्धी बॅटरीवर चालते, पेट्रोलचा खर्च निम्मा,” असं तो म्हणाला. तशाच साध्या गाडीपेक्षा साठ हजार जास्त मागत होता. ताईंनी मला विचारलं, घ्यावी का?

मला लगेच उत्तर देता आलं नाही. मी समाजकार्य शिकले, गाड्यांचं मला काय कळतं! म्हणून ओळखीच्या मेकॅनिक दादांकडे जाऊन बसले, समजून घेतलं आणि वहीत हिशेब मांडला. तो सगळ्यांच्या उपयोगाचा आहे, म्हणून इथे देते.

क्लच आहे का, ते आधी बघा

हायब्रीड म्हणजे इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर. पण त्यात दोन प्रकार आहेत. एका प्रकारात मोटर मोठी असते आणि गाडी थोडं अंतर नुसत्या बॅटरीवर चालते. टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस हायब्रीड त्यातली. आपल्याकडे मिळणाऱ्या अशा गाड्या ऑटोमॅटिक असतात, त्यांना क्लच नसतो.

दुसरा प्रकार हलका हायब्रीड. मारुतीने २०१५ मध्ये सियाझ आणि अर्टिगाच्या डिझेल गाड्यांत तो आणला, २०१८ च्या नव्या अर्टिगात पेट्रोललाही दिला. यातल्या बऱ्याच गाड्या हाताने गिअर बदलायच्या असतात. म्हणून सोपी खूण लक्षात ठेवा: जुन्या गाडीला क्लच असेल आणि कुणी हायब्रीड म्हणत असेल, तर ती हलकी हायब्रीड समजा. ती नुसत्या बॅटरीवर चालत नाही. ‘अर्धी बॅटरीवर’ हे बोलणं खोटं.

मग ती करते काय?

तीन कामं करते. सिग्नलला थांबून गाडी न्यूट्रल केली आणि क्लच सोडला, की इंजिन आपोआप बंद होतं. क्लच दाबला की परत सुरू. गाडीचा वेग कमी होताना वाया जाणारी ताकद थोडी बॅटरीत साठवते. आणि वेग घेताना इंजिनाला थोडा हात देते.

म्हणजे बचत कुठे होते? जिथे सारखं थांबावं लागतं तिथे. पुण्या-मुंबईच्या गर्दीत तिचा उपयोग जास्त. आपल्या रस्त्याला सिग्नल किती? गावातून निघालो की थेट बाजारात.

आता हिशेब करू

समजा, गाडी महिन्याला १,००० किलोमीटर चालते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे. साधी गाडी लिटरला १६ किलोमीटर देते आणि हायब्रीड १८ देते असं धरू.

- साधी गाडी: ६२.५ लिटर, खर्च साधारण ६,५६० रुपये
- हायब्रीड: ५५.५ लिटर, खर्च साधारण ५,८३० रुपये
- महिन्याची बचत: साधारण ७३० रुपये

साठ हजार जास्त दिले, तर ते वसूल व्हायला ८२ महिने लागतील. जवळपास सात वर्षं! आणि ते साठ हजार गटाच्या कर्जातून, महिना एक टक्का व्याजाने घेतले, तर सुरुवातीला महिन्याचं व्याजच ६०० रुपये. बघा, बचतीतला बहुतेक भाग व्याजातच गेला.

हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या पंपाचा भाव, तुमचे किलोमीटर घालून हाच हिशेब करा. सीएनजीचा पंप जवळ असेल तर तोही असाच मांडून बघा.

घेण्याआधी तपासा

१. मायलेज कंपनीच्या जाहिरातीतलं धरू नका. टाकी फुल करा, निदान १०० किलोमीटर चालवा, त्याच पंपावर परत फुल करा. किलोमीटरला लिटरने भागा. पेट्रोलचे पैसे आपण दिले तरी चालतील.

२. इंजिन गरम झाल्यावर गाडी थांबवून इंजिन आपोआप बंद होतं का ते बघा. सीट बेल्ट लावलेला हवा, एसी बंद ठेवा. दोन-तीनदा करूनही होत नसेल तर बॅटरी तपासायला सांगा. या गाड्यांना नेहमीपेक्षा वेगळी, महागडी बॅटरी लागते. बदलायची वेळ आली तर तो खर्च आपलाच.

३. सर्व्हिसची पावती मागा. त्यावरचे किलोमीटर आणि मीटरवरचे जुळतात का बघा.

४. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही घ्या. दंडाची चलनं बाकी आहेत का, हे ऑनलाइन कळतं. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्या.

५. पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने चालवता येत नाही. प्रवासी घ्यायचे असतील तर पिवळी प्लेट आणि परमिट लागतं.

शेवटची, पण सगळ्यात मोठी गोष्ट

गाडी कुणाच्या नावावर? कर्ज ताईच्या नावावर, हप्ता ताई भरते आणि आरसी बुकावर नाव घरातल्या दुसऱ्याचं, हे मी फिरताना पुष्कळदा बघते. उद्या गाडी विकायची झाली तर सही त्याचीच लागणार. जिच्या नावावर कर्ज, तिच्याच नावावर गाडी, हा ठराव गटाच्या वहीत आधी लिहा.

त्या गटाने अजून पैसे दिलेले नाहीत. साध्या गाडीच्या भावात देत असशील तर बोलू, असं त्यांनी एजंटाला कळवलंय. हायब्रीड वाईट नाही हो. त्याच किमतीत मिळाली तर जरूर घ्या. फक्त त्या शब्दासाठी साठ हजार मोजू नका.

तुमच्या गटात असा विषय असेल तर बैठकीला बोलवा. वही घेऊन येते, मिळून हिशेब करू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक